मोहाखालची हातभर माती

आमच्या डोंगराला दोनच आवाज होते. सब्बल मारली आणि ‘धप’ झालं तर माती, ‘खण’ झालं तर खडक. पुस्तकातली माणसं तिला पहार म्हणतात, आमच्याकडे ती सब्बल. बाबांची सब्बल माझ्या डोक्याहून उंच होती, टोकाशी झिजून चकचकीत झालेली, आणि माजघराच्या दाराआड उभी असायची. मी आठवीत होते तेव्हा त्या सब्बलीनं एका सकाळी जे काही केलं ते सांगताना मला अजून दम लागतो. माझी सून म्हणते, "आई, हळू सांगा, बीपीची गोळी घेतली ना?" घेतली, बाई, घेतली. पण ही गोष्ट हळू सांगायची नाहीच मुळी.

लाखनीहून कच्च्या रस्त्यानं आत शिरलं की आमचं गाव डोंगराच्या पायाशी येतं. पुढं पाहावं तिकडं धानाच्या बांध्या आणि पाठीशी डोंगर. बांधी म्हणजे चारी बाजूंनी मातीचा बांध घालून पाणी कोंडलेला धानाचा तुकडा. आमच्याकडे माणसाची उंची बांध्यांनी मोजायचे. सोयरीक घेऊन पाहुणे आले, की पोरगी गोरी का सावळी हे मागाहून, आधी सवाल बांध्या किती. बाबांच्या अकरा होत्या. माझ्या मामाच्या चौदा. माय हे कधी तोंडानं बोलली नाही, पण दर दिवाळीला माहेराहून आली की चारदोन दिवस जरा ताठ चालायची, आणि बाबा तेवढे दिवस बैलांवर खेकसायचे. बारावी बांधी पाहिजे, ही खाज त्यांना तेव्हापासूनची. खालची सपाट जमीन सगळी कोणा ना कोणाची, वाढायला जागा नाही. वर डोंगराच्या उतरणीवर मात्र आमचा एक तुकडा होता, जंगलाच्या हद्दीला लागून.

गावात मातीला माणसासारखी नावं होती. कन्हार ही पाटलीण, काळी, जाड, आणि पाणी दिलं की धरून ठेवणारी. तिच्या खालोखाल मोरांड, मग हलकी सिहार, मग खड्यांची खरडी. सगळ्यांत शेवटी बर्डी. बर्डी डोंगराच्या अंगावरची, तांबडी, दगडगोट्यांची, कुठं वीतभर तर कुठं नखभर, आणि तिच्याखाली सरळ खडक. पाऊस पडला की अर्ध्या तासात ओली आणि ऊन पडलं की अर्ध्या तासात कोरडी. आमच्या तुकड्यावरचा साग पाहिला की कळायचं. खालचा साग दोन पुरुष उंच, आणि त्याच वयाचा वरचा साग माझ्या कमरेएवढा, रुसल्यासारखा. त्या सगळ्या खुरट्या रानात दोन मोह तेवढे आडवेतिडवे, ऐसपैस वाढले होते. कधीकाळी तिथं तीन होते. तिसरा सगळ्यांत मोठा, तो माझ्या आज्यानं आमच्या घराच्या आढ्यासाठी तोडला, तेव्हा बाबा बारा वर्षांचे. जेवायला बसलं की बाबा हात वर करून आढं दाखवायचे आणि म्हणायचे, "ह्या आढ्याखाली मी गोट्या खेळलो, ते झाड होतं तवा. खड्डा असा खोल, का हाताचा घोटा आत जाये." मग आम्ही भावंडं एकमेकांकडे पाहून हसायचो, कारण पुढचं वाक्य सगळ्यांना पाठ होतं. "गावात माहा नेम एक नंबर!"

उरलेले दोन मोह आत्याबाईचे. आमच्याकडे अशी रीत होती, जमीन पोराची पण झाड पोरीचं. आज्यानं थोरल्या लेकीला लग्नात भांडीकुंडी दिली, गाय दिली आणि हे दोन मोह दिले. झाड उभं भावाच्या जमिनीत, फूल मात्र बहिणीचं. म्हणून होळी झाली की आत्याबाई अड्याळकडच्या तिच्या सासरहून एसटीनं लाखनीला उतरायची, तिथून मिळेल त्या बैलगाडीनं घरी, आणि तीन आठवडे आमचं घर तिचं होऊन जायचं. अंगानं बारीक, आवाजानं मोठी. आल्याआल्या ती चुलीपासून गोठ्यापर्यंत सगळ्यांची हजेरी घ्यायची. फटफटायच्या आत मला उठवायची, "चाल व इंदे, फुलं पडून राहिली, ढोरं खाऊन टाकतीन!" आणि मी डोळे चोळत टोपली घेऊन तिच्यामागं. मोहाखाली बसलं की फुलं अंगावर टपटप पडायची, गोड, गार, बोटांना चिकटणारी. दिवसभर अंगणात चटईवर फुलं वाळत आणि सगळ्या घराला तो जड गोड वास. माय भाजलेली फुलं आणि जवस उखळात कुटायची. त्या कांडणाचा ठेका आणि रेडिओवरची गाणी एकात एक मिसळायची. मग त्याचे लाडू, नाहीतर पळसाच्या पानात थापून निखाऱ्यात भाजलेली पानरोटी, आणि सोबत लाखोरीच्या डाळीचं वरण. आता मधुमेहामुळं मला सगळे मोजून देतात. पण माझ्या जिभेला काय सांगू?

आत्याबाईची एक तऱ्हा होती, तिला सगळं गाव हसायचं. मोह वेचायचा म्हणजे आधी झाडाखालची पानं जाळायची, जमीन मोकळी झाली की फुलं दिसतात, असा सरसकट रिवाज. आत्याबाई जाळायची नाही. खराटा घेऊन पानं झाडायची आणि प्रत्येक झाडाच्या उताराकडच्या बाजूला दगडांचा एक अर्धा गोल रचलेला होता, त्याच्या आत ढकलून द्यायची. सोमाजी, आमच्या शेजारचा, कुडावरून ओरडायचा, "आत्याबाई, डोंगर झाडून राहिल्या का अंगण?" ती म्हणायची, "जाळून काय भेटते रे तुले? राख. आन राखेले पाय राह्यतात!"

त्या वर्षी ती आली, पाय धुतले, पाण्याचा तांब्या तोंडाला लावला, आणि बाबांनी तेवढ्यात तोंड उघडलं. धीर म्हणून नाही त्या माणसाला.

"बाई, यंदा वरचा तुकडा फोडतो. बारावी बांधी काढतो. दोन मोह आडवे येऊन राहिले, तेवढे तोडतो."

तांब्या खाली आला. "कोणाचे मोह तोडतस गा तू?"

"तुहेच. म्हून त तुले इचारून राहिलो."

"इचारून राहिला, का सांगून राहिला?"

मग आत्याबाई जी सुटली! "बर्डीत धान लावतो म्हणते! उद्या म्हणशीन तव्यावर भाजी पेरतो. पाणी थांबन का तिथं? आन माह्या झाडाले हात लावायच्या आधी माह्या बापाले इचार, सरगात जाऊन!" माय उखळापाशी मुसळ धरून तशीच थांबली होती, म्हणाली, "मले मधात घालू नका बाप्पा," आणि दुप्पट जोरानं कांडू लागली. मी दाराआड, सब्बलीच्या शेजारी उभी. ती झाडं गेली तर आत्याबाई कशाला येणार? लग्न झालेल्या बाईला माहेरी यायला काही तरी निमित्त लागायचं तेव्हा, आणि तिचं निमित्त ते दोन मोह होते. आईवडील गेले, भावजयीच्या घरी उगीच कोण किती दिवस राहणार? हे कोणी मला सांगितलं नव्हतं. पण घरातल्या पोरींना असलं आपोआप कळतं.

बाबांचा एकच हेका, "माती हाय म्हून त झाडं एवढी मोठी झाली! खुरट्या रानात तेवढीच दोन का वाढली? खालून माती असन." धान पिकवणारा माणूस, त्याला झाड दिसलं की खालची माती दिसायची. आणि आत्याबाईनं रागाच्या भरात अंगणात उभं राहून, सोमाजी कुडावरून ऐकतो आहे हे पाहून, मुद्दाम मोठ्यानं सांगितलं, "खडक हाय तिथं, खडक! बाबानं झाडं दावली तवा मुळ्या खडकावर पसरल्या होत्या, कोंबडीच्या पायावानी. उद्या सब्बल मार. वीतभर जरी खाली गेली त दोन्ही झाडं तुही. जाय, तोड!"

"आन नाही गेली त?"

"त ह्या जलमात त्या उताराचं नाव काढायचं नाही."

"मी साक्षीदार!" कुडावरून सोमाजी.

सकाळी आम्ही वर निघालो. बाबा सब्बल खांद्यावर टाकून पुढं, आत्याबाई पदर खोचून त्यांच्या बरोबरीनं, माय, मी, आणि शेवटी सोमाजी, खांद्यावर कुऱ्हाड. आत्याबाईनं वळून पाहिलं. "साक्षीले कुऱ्हाड लागते का रे?" सोमाजी म्हणाला, "लागली त लागली." मला आठवतं, मी इतक्या घाईनं चढत होते की चप्पल कधी तुटली ते कळलं नाही. उतरणीच्या मोकळ्या जागी बाबांनी पहिली सब्बल मारली. खण! आत्याबाई म्हणाली, "एक." चार पावलं पुढं, पुन्हा मारली, मुरमात खर्रकन वाजून खण. "दोन." तिसऱ्यांदा ठिणगी उडाली. "अरे, चूल पेटवून राहिला का बांधी काढून राहिला?" मी हसून हसून खाली बसले. आत्याबाई जिंकतच होती! मोहापाशी आलो तेव्हा तिनं स्वतःच बोट दाखवलं, अर्ध्या गोलाच्या आत, बुंध्यापासून दोन पावलांवर. "हं, मार इथं."

धप.

सब्बल आत गेली. वीत गेली, दीड वीत गेली. बाबांनी हलवून जोर दिला तशी अजून गेली. कोपरापासून बोटांपर्यंत, हातभर. वरून दोनचार फुलं पडली तेवढा आवाज. बाबांनी दुसऱ्या मोहाखाली मारली. धप! तिथंही तेच. आत्याबाईचं तोंड पांढरं पडलं. ती झाडाजवळ गेली, बुंध्यावर हात ठेवला आणि इतक्या बारीक आवाजात बोलली की तो आवाज तिचा वाटेना. "इथं त खडक होता गा. माह्या डोळ्यानं पाह्यला होता." बाबा तिच्याकडं पाहायचं टाळत होते. जिंकलेला माणूस असा चेहरा करतो हे मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. सोमाजीनं तळहातावर थुंकून कुऱ्हाड खांद्यावरून उतरवली.

माझ्या डोक्यात मात्र एकच भुंगा लागला. आत्याबाई खोटं बोलणारी बाई नव्हे. तेव्हा खडक होता आणि आज माती आहे, मग माती आली कुठून? लाखनीहून एसटीत बसून तर आली नसेल! मोठ्यांच्या मध्ये बोलायची आमच्या घरात सोय नव्हती, पण मी ओरडले, "थांबा सोमाकाका!" आणि बाबांच्या हातातली सब्बल ओढून घेतली. ती इतकी जड की मी तिच्यासकट गोल फिरले. दगडांच्या आत मारली, धप. एक पाऊल बाहेर, दगडांच्या पलीकडं, मारली. खण! आत धप, बाहेर खण. बुंध्याच्या वरच्या अंगाला, जिथं दगड नव्हते, तिथंही खण. मग गुडघ्यावर बसले आणि हातानं उकरलं. काय सांगू! वर पानं, त्याखाली अर्धी सडलेली पानं, नुसत्या शिरा राहिलेली, त्याखाली काळी भुसभुशीत माती. डोंगर तांबडा आणि ही काळी. अजून खाली गेलं की तिच्यात वरून वाहून आलेले बर्डीचे तांबडे खडे अडकलेले. गांडूळ निघालं एक. डोंगरावर गांडूळ!

"आत्याबाई, हे दगड कवा ठेवले तू?"

"लगनाच्या दुसऱ्या साली. फुलं घरंगळून रानात जात होती, म्हून अडवली. काहून?"

"आन दरसाल पानं इथंच?"

"मंग कुठं नेऊ, अड्याळले?"

मी उठले. हात कोपरापर्यंत काळे. "बाबा, हे माती डोंगराची नाही. आत्याबाईनं केली."

"माती कोणी करते का, येडी पोट्टी!" बाबा म्हणाले. "माती असन तिथं झाड होते. झाडानं माती नाही होत."

"मंग तिसऱ्या मोहापाशी चला. तुमचा गोट्यांचा खड्डा दाखवा."

माय त्या सकाळी पहिल्यांदा बोलली. "दाखवा न. रोज त सांगता."

तिसऱ्या मोहाचं थुटूक थोडं खाली होतं, वाळवीनं खाल्लेलं, मुळ्या हवेत उघड्या. बाबा तरातरा चालत गेले. त्यांना शोधावं लागलं नाही, घरात ताट कुठं असतं ते जसं माहीत असतं तसं. "हा. थुटकापासून दोन पावलं. इथं." सब्बल उचलली आणि मारली. खण! सरकून मारली. खण! मग डावीकडं, उजवीकडं, खण, खण, डोंगर नुसता वाजायला लागला. बाबांनी सब्बल टाकली, खाली बसले आणि तळहातानं खडे बाजूला सारू लागले. खड्यांच्या खाली उघडा खडक, गुळगुळीत. "इथंच होता," ते म्हणत होते, "मनगट आत जाये. इथंच होता बे." त्यांना आमच्यापैकी कोणाशी बोलायचं नव्हतं, त्यांना तो खड्डा पाहिजे होता. शेवटी मान वर करून लहान पोरासारखं विचारलं, "बाई, कुठं गेली माती?"

आत्याबाईनं खाली दिसणाऱ्या आमच्या बांध्यांकडं हनुवटी केली. "वाहून गेली, गोविंदा. झाड गेलं, पानं गेली, मंग मातीले कोण धरन?"

सोमाजीनं कुऱ्हाड हळूच जमिनीवर ठेवली. मला वाटलं, झालं, आपण जिंकलो, मी उड्या मारायला लागले. पण आत्याबाईचं पाणी वेगळं. ती पदर सोडून सरळ उभी राहिली आणि म्हणाली, "पोरीचं खरं असन. पण शब्द माहा गेला. वीतभर गेली त झाडं तुही, असं मी चारचौघांत म्हटलं. तोड."

"बाई..."

"तोड म्हणतो न! ह्या सगुणाचा शब्द हाय."

आता झाली का पंचाईत! बाबा तिला ओळखून होते. नको म्हटलं असतं तर ती उपकार घेऊन पुन्हा आमच्या उंबऱ्यावर चढली नसती. ते खडकावरून उठले, सब्बल उचलली, तिच्यावरचा काळ्या मातीचा ओला डाग वितीनं मोजला, पुन्हा मोजला, आणि एकदम कोर्टातल्या वकिलाचा आव आणून सोमाजीकडं वळले. "साक्षीदार, पैज कितीची होती?"

"वीतभराची."

"आन गेली किती?"

"हातभर."

"मंग? वीतभराची पैज, हातभर गेली. हातभराचं कोणी बोललं होतं का? पैज मोडली. ना तू जिंकली, ना मी." आणि आत्याबाई काही बोलायच्या आत तिला हाताला धरून वर तिच्या मोहाखाली घेऊन गेले आणि वाकून पडलेली फुलं गोळा करायला लागले. "फुलं वेच, ढोरं खाऊन राहिली." ढोर एकही नव्हतं हो तिथं! आत्याबाई आधी हसली आणि मग मटकन बसून पदर तोंडाला लावून रडली, आणि मायही रडली, आणि मी दोघींच्या मध्ये बसून मातीनं काळ्या झालेल्या हातांनी मोह खात राहिले. इतका गोड मोह मी पुन्हा खाल्ला नाही.

बारावी बांधी झाली नाही. मामाच्या चौदाच्या सोळा झाल्या आणि माय आणखी ताठ चालू लागली. पण मोहाच्या टोळी, म्हणजे त्याची फळं, पिकल्या तेव्हा बाबा त्या खिशात घालून वर गेले. मला सोबत नेलं, कारण आता मातीतलं मला कळतं असं त्यांनी गावभर सांगून ठेवलं होतं. तिसऱ्या मोहाच्या थुटकापाशी खडकाला एक चीर होती. त्यांनी सब्बलीनं ती थोडी रुंद केली, त्यात दोन टोळी ढकलल्या, आत्याबाईच्या मोहाखालची ओंजळभर माती वर घातली आणि उताराकडच्या अंगाला दगडांचा अर्धा गोल रचला. मी म्हटलं, "ओंजळभर मातीनं काय होते, बाबा?" ते म्हणाले, "तूच त सांगितलं, पोट्टे. माती होते म्हून."

माझं लग्न झालं तेव्हा आत्याबाईनं तिचे दोन्ही मोह माझ्या नावानं केले. कागद नाही, नुसता शब्द. पण तिचा शब्द म्हणजे काय ते तुम्ही पाहिलंत. चिरेत उगवलेला तिसरा बाबांनी दिला. आता बाबाही नाहीत, आत्याबाईही नाही. होळीनंतर मी भावाच्या घरी जाते, तीन आठवडे राहते, भावजय तोंडावर म्हणते, "आल्या मोहवाल्या," आणि मीही तिच्या चुलीपासून गोठ्यापर्यंत हजेरी घेते. गुडघे कुरकुरतात, तरी खराटा मीच धरते. काडेपेटी घेऊन कोणी वर दिसलं तर माझ्या तोंडाला लागायची त्याची हिंमत होत नाही.

यंदा भाच्याकडून सब्बल वर नेली. तो विचारत होता, आता या वयात काय खोदता, आत्याबाई? मलाच आत्याबाई म्हणतात आता, घ्या! तिसरा मोह चांगला दोन पुरुष उंच होऊन पसरला आहे, बुंध्याला माझे दोन्ही पंजे पुरत नाहीत. बुंध्यापासून दोन पावलं मोजली. दगडांच्या आत, बाबांनी गोट्यांचा खड्डा म्हणून दाखवलेल्या त्याच जागी, सब्बल दोन्ही हातांनी उचलली आणि सोडली. आधी धप झालं. मग खण झालं. सब्बल बाहेर ओढली, टोकावरचा काळा ओला डाग बोटांनी मोजला, चष्मा पुसून पुन्हा मोजला, आणि त्या भर डोंगरावर मोठ्यानं ओरडले, "चार बोटं! बाबा, चार बोटं गेली!"